एएफएमसीचा इंटरव्ह्यू, मामांचा ओटा आणि आमचं आलं

पहिलंच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाचून कुणी शिव्या घालणार नाही: माझं एएफएमसीला, म्हणजे पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजला, फौजेचे डॉक्टर घडवतात तिथे, झालं नाही. मी मिरजेला गव्हर्नमेंट मेडिकलला आहे, मजेत आहे. पण दर पावसाळ्यात ओळखीपाळखीतून फोन येतोच, दादा इंटरव्ह्यूचा कॉल आलाय, काय वाचू, कपडे कुठले घालू, इंग्लिश कच्चं आहे, चालेल का. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. माझा अनुभव २०२३ चा आहे, नियम दर वर्षी थोडेफार इकडचे तिकडे होतात, तेव्हा तेवढं ब्रोशर स्वतः वाचा बाबांनो.

आपल्याकडे मेडिकलला इंटरव्ह्यू असतो हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि खरंच नसतो. नीटचे, म्हणजे मेडिकलच्या देशभरच्या प्रवेश परीक्षेचे, मार्क आले, रँक आली, चॉईस फिलिंग केलं, लिस्ट लागली, कागदं जमा केली, झालं, तुम्ही आयुष्यभर माणसांशी बोलायचं काम करणार आहात पण तुम्हाला बोलता येतं का हे बघायला कुणीच बसलेलं नसतं. वेल्लोरच्या सीएमसीला पूर्वी मुलाखती व्हायच्या म्हणे, नीट सगळीकडे लागू झाली आणि ते बंद पडलं. राहिलं एएफएमसी. पुण्यात वानवडीला, १९४८ पासून आहे, आणि तिथे अजून तुम्हाला समोर बसवून प्रश्न विचारतात.

मी कोरेगाव तालुक्यातला. बारावीसोबत दिलेल्या पहिल्या नीटला ५११ आले, मग लातूरला एक वर्ष रिपीट. लातूरचं वर्ष ज्यांनी काढलंय त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी नाही काढलं त्यांना सांगून कळणार नाही. रूम, मेस, क्लास, टेस्ट, परत रूम. एकाच रूममध्ये तिघं राहायचो आणि दिवसभरात एकमेकांशी बोलणं म्हणजे 'आज काय भाजी आहे' आणि 'तुझे किती आले' एवढंच. घरी फोन केला की आईला हूं, हां, ठेवतो. वर्षभर मी जे काही सांगितलं ते ओएमआर शीटवर गोळे काळे करून सांगितलं. हे तेव्हा जाणवलं नव्हतं, नंतर जाणवलं.

७ मे २०२३ ला पेपर, १३ जूनला रिझल्ट, ६२८. घरी पेढे. पप्पांनी लगेच हिशोब लावला की राज्यातल्या कोट्यातून कुठलं तरी गव्हर्नमेंट नक्की. एमसीसीच्या, म्हणजे देशपातळीवरचे मेडिकल प्रवेश बघणाऱ्या कमिटीच्या, साइटवर ऑल इंडियाचं रजिस्ट्रेशन करताना आमच्या मामांनी सायबरवाल्याच्या खांद्यावरून वाकून बघत सांगितलं, ते एएफएमसी पण टाक रं. मी म्हटलं मामा तिथं मुलींना आणि मुलांना मिळून दीडशेच्या आत जागा आहेत, मुलांच्या ११५. मामा म्हणाले, ११५ मधली एक कुणाची तरी असणारच की. टाक. टाकलं.

मामा कोण ते आधी सांगायला पाहिजे, कारण ही सगळी गोष्ट त्यांचीच आहे. आमचे मामा एएमसीत, म्हणजे आर्मी मेडिकल कोअरमध्ये, नर्सिंग असिस्टंट होते. ट्रेनिंग लखनऊला, मग देशभर, दोन अडीच वर्षं लेहला. सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि आता गावात ज्याला कुणाला इंजेक्शन टोचून घ्यायचंय, ड्रेसिंग करायचंय तो डॉक्टरच्या आधी मामांच्या ओट्यावर येतो. सातारा जिल्ह्यात फौजी घरं काय कमी नाहीत, पण हातात बंदूक न घेता चोवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस म्हणून मामांची लहानपणी आम्ही पोरं थट्टा करायचो. असो.

शॉर्टलिस्ट लागली, नाव होतं. कॉल आला ऑगस्टचा, हातात पंधराएक दिवस. आता मार्कांचं गणित बघा कारण ते मला पण आधी कळलं नव्हतं. नीटचे ७२० आणि त्यांची स्वतःची एक टेस्ट असते, टोएलर म्हणतात, इंग्लिश आणि लॉजिक-रिझनिंगची, तिचे ८०. झाले ८००. त्याचे करतात २००. आणि इंटरव्ह्यूला ५०. म्हणजे टोटल २५०. आता डोकं लावा: नीटचा एक प्रश्न चार मार्कांचा, आणि नीटचे चार मार्क म्हणजे इथला एक. मी लातूरला एकेका प्रश्नासाठी रक्त आटवलं तो अख्खा प्रश्न इथे एका मार्काचा, आणि समोरच्या साहेबांनी मला बाजूच्या पोरापेक्षा पाच मार्क कमी दिले तर नीटचे पाच प्रश्न गेले. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. नेटवरून पीडीएफ उतरवली, 'मेडिकल इंटरव्ह्यू प्रश्न उत्तरांसहित', आणि पाठ करायला बसलो. मायसेल्फ अमुक अमुक. आय बिलाँग टू अ फार्मर फॅमिली. माय स्ट्रेंग्थ इज हार्ड वर्क, माय वीकनेस इज दॅट आय ॲम अ परफेक्शनिस्ट. दोन दिवसांत वीस उत्तरं तोंडपाठ. पाठांतराला तर आम्ही वाघ.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामांनी ओट्यावर दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर ते, एकीवर त्यांचे रिटायर्ड मित्र, मास्तर आहेत, इंग्लिश शिकवायचे. मला बाहेर रस्त्यावर उभं केलं आणि म्हणाले, आत ये म्हटलं की यायचं. आलो. बसलो. मामांनी विचारलं, सांग, डॉक्टर कशाला व्हायचंय? मी सुरू, सर, सिन्स माय चाइल्डहुड आय हॅव अ पॅशन टू सर्व्ह द नेशन. मामांनी हात वर केला.

"नेशन कंच्या वॉर्डात ॲडमिट हाय?"

मास्तर इतके हसले की त्यांचा चहा सांडला. मला राग आला. मी म्हटलं मामा तुम्ही सिरियसली घ्या ना. मामा म्हणाले, मी सिरियसलीच घेतोय, तू घेत न्हाईस. बरं मराठीत सांग. इंग्लिश सोड. डॉक्टर कशाला व्हायचंय?

आणि मला मराठीत काहीच सांगता येईना. हे मी अजिबात वाढवून सांगत नाही. अख्खा मिनिटभर मी गप्प. इंग्लिशमध्ये वीस उत्तरं तयार आणि माझ्या भाषेत, माझ्याच मामांसमोर, एक वाक्य नाही. दोन वर्षं ज्याच्यासाठी मरतोय ते कशासाठी हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं, बायोला मार्क चांगले पडायचे म्हणून, दहावीला ९४ टक्के म्हणून, आईला वाटतं म्हणून. शेवटी म्हटलं, माहीत नाही मामा. मामा म्हणाले, हे पहिलं खरं बोललास, आता हितनं सुरू करू.

पुढचे दहा-बारा दिवस रोज संध्याकाळी ओटा. दिवसा पेपर मोठ्यांदा वाचायचा, आधी मराठी मग इंग्लिश, मोबाईलवर रेकॉर्ड करायचं आणि परत ऐकायचं. स्वतःचा आवाज ऐकणं हा भयंकर प्रकार आहे, पहिल्या दिवशी मी प्रत्येक वाक्यात 'ॲक्च्युअली' म्हणत होतो, एका मिनिटात नऊ वेळा, मोजलं. टोएलरसाठी जास्त काही केलं नाही, ४० प्रश्न ३० मिनिटांत, चुकलं तर अर्धा मार्क कट, तेव्हा घड्याळ लावून जुन्या बँकेच्या परीक्षांचे कॉम्प्रिहेन्शन आणि रिझनिंगचे सेट सोडवले, मास्तरांनी ग्रामर बघितलं, बस्स. ज्याने दहावी-बारावीला इंग्लिश नीट वाचलंय त्याला ते जड नाही, फक्त वेळ पुरत नाही.

सामान्य ज्ञान म्हणजे काय वाचायचं हा सगळ्यांचा प्रश्न असतो. मामांचं म्हणणं सोपं होतं, ज्या घरात जायचंय त्या घरातली माणसं आधी ओळख. त्या वर्षी फेब्रुवारीत तुर्कस्तानात भूकंप झाला होता आणि आपल्या आर्मीचं ६० पॅरा फील्ड हॉस्पिटल आग्र्याहून तिकडे गेलं होतं, ऑपरेशन दोस्त, इस्केंदेरून नावाच्या शहरात त्यांनी हॉस्पिटल उभं केलं. ते सगळं वाचलं. माधुरी कानिटकर यांच्याबद्दल वाचलं, एएफएमसीच्याच विद्यार्थिनी, तिथेच डीन, लेफ्टनंट जनरल झाल्या आणि नंतर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू. पुनिता अरोरांबद्दल वाचलं, आपल्या फौजेतल्या पहिल्या महिला लेफ्टनंट जनरल. जुलैत इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती ते ताजं होतं, चांद्रयान वाटेत होतं. आणि हुद्द्यांचा तक्ता. तिन्ही दलांचे हुद्दे आमच्या मामींना पण पाठ झाले, त्या भाकऱ्या थापता थापता आतून ओरडायच्या, कर्नल म्हंजे एअरफोर्सात ग्रुप कॅप्टन! इथे एक खड्डा आहे तो लक्षात ठेवा, आर्मीचा कॅप्टन आणि नेव्हीचा कॅप्टन एक नाही. नेव्हीचा कॅप्टन म्हणजे आर्मीचा कर्नल. मी यात तीन वेळा पडलो.

पण खरी मजा मामा स्वतः प्रश्न काढायचे त्यात. एके दिवशी म्हणाले, तुझ्या तंबूत दोन जखमी आणले. एक आपला जवान, पायाला गोळी लागलीय, ओरडतोय. दुसरा दुश्मनाचा, पोटात लागलंय, आवाज न्हाई, पांढरा पडलाय. आधी कुणाकडं जाशील?

मी छाती काढून सांगितलं, आपल्या जवानाकडे. मला वाटलं देशभक्तीचं उत्तर पाहिजे असणार. मामांचा चेहरा उतरला. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, जो ओरडतोय त्याचा श्वास चालू हाय लेका. जो गप हाय त्याच्याकडं आधी बघायचं. तंबूत आलेल्याचं रक्त किती गेलंय ते विचारायचं, गाव न्हाई विचारायचं. मास्तर म्हणाले हे जिनिव्हा करारात पण आहे, १९४९ च्या, कुणावर आधी उपचार हे फक्त वैद्यकीय निकडीवर ठरवायचं. मामांना करार माहीत नव्हता, त्यांना तंबू माहीत होता. मास्तरांनी मग सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं सांगितलं, १९३८ ला चीनला गेलेले, चार वर्षांनी तिथेच वारले, ३२ वर्षांचे. मला कोटणीस म्हणजे शाळेतल्या धड्यासारखं काहीतरी वाटायचं, ते ३२ वर्षांचे होते हे त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

मग मामा लेहच्या गोष्टी सांगायला लागले, ज्या त्यांनी घरात कधीच सांगितल्या नव्हत्या. म्हणजे आम्ही कधी विचारल्याच नव्हत्या. हिमदंश झालेली बोटं चोळायची नसतात, चोळलं की आतलं मांस फाटतं, कोमट पाण्यात ठेवायची, कढत नाही, आणि परत गारठणार असतील तर वितळवायचीच नाहीत. आणि हापो. उंचावर गेल्यावर फुफ्फुसात पाणी भरतं त्याला फौजेत हापो म्हणतात. मैदानातनं वर आलेला चांगला धडधाकट पोरगा, पहिल्याच दिवशी मस्ती करून पळतो, दोन दिवसांनी रात्री खोकला, बसलं तरी दम, ओठ निळे. ऑक्सिजन लावायचा आणि खाली उतरवायचं, हाच इलाज. हवामान खराब म्हणून हेलिकॉप्टर येत नसेल तर हापो बॅगेत घालून पायाने पंप मारत बसायचं, आत हवेचा दाब वाढतो म्हणजे पेशंटला खाली उतरवल्यासारखं होतं. मामांनी एकदा रात्रभर पंप मारला होता आळीपाळीने. पोरगा कुठला होता मामा? म्हणाले, विचारलं न्हाई, तमिळ बोलत होता, मला एक अक्षर कळत नव्हतं, पण मी रात्रभर त्याच्याशी मराठीत बोलत होतो. झोपू द्यायचं नव्हतं मला.

त्या रात्री घरी येऊन मी पीडीएफ डिलीट केली असं लिहायला छान वाटलं असतं, पण केली नाही. भीती होती ना. फक्त ती उघडली नाही.

मेडिकलची पण थोडी तयारी लागते, कारण फौजेचं मेडिकल म्हणजे आपलं साधं फिटनेस सर्टिफिकेट नव्हे. साताऱ्याला कानाच्या डॉक्टरकडून मळ काढून घेतला, दोन दाढा भरल्या. मामांनी मला पाय ओले करून शहाबादी फरशीवर उभं केलं, पावलाचा ठसा बघितला, मधे कमान उमटली म्हणजे पाय सपाट नाहीत, पास. हे घरातल्या घरात करता येतं, करून बघा.

पुण्याला पप्पा सोबत आले. स्वारगेटला उतरलो तेव्हा धो धो पाऊस, नवीन बूट आईने कॅरीबॅगमध्ये बांधून दिले होते आणि मी स्लिपरवर. मुक्काम हडपसरला मावशीकडे. सकाळी गेटवर पोचलो तर सगळ्या देशातली पोरं. राजस्थानातल्या सीकरची, पाटण्याची, केरळची. आणि फौजी अधिकाऱ्यांची मुलं, ज्यांचं इंग्लिश ऐकून मला परतीची गाडी आठवायला लागली. आत जाताना बोधवाक्य दिसलं, सर्वे सन्तु निरामयाः, आणि मला एवढंच वाटलं की चला निदान हे तरी समजलं.

कागदपत्रं तपासणं, टोएलर, मग मानसशास्त्राची एक टेस्ट, तिचा अभ्यास नसतो, खरं लिहायचं आणि पुढे जायचं. टोएलरला शेवटचे चार प्रश्न राहून गेले. रांगेत माझ्या पुढे एक पोरगा होता, वडील कर्नल, तो पण घाबरला होता. म्हणाला माझं सगळं आयुष्य कॅन्टोन्मेंटमध्ये गेलंय, ते विचारणार फौज का, आणि माझ्याकडे दुसरं काही कारणच नाही, घरात तेच बघितलंय. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ह्याचा पण ओटा कुठेतरी असायला पाहिजे होता.

नंबर पुकारला. आत पाच-सहा जण, बहुतेक युनिफॉर्ममध्ये. बसायला सांगितलं. पहिला प्रश्न अर्थातच स्वतःबद्दल सांगा. आणि तोंडातून काय निघालं? मायसेल्फ. एवढं करून मायसेल्फच. पुढचं वाक्य मात्र पाठ केलेलं नव्हतं, म्हणालो आय ॲम फ्रॉम कोरेगाव, सातारा, माय फादर ग्रोज जिंजर.

डावीकडच्या साहेबांनी मान वर केली. जिंजर? हाऊ डू यू ग्रो इट?

आता बघा, मला वाटलं होतं हुद्दे विचारतील, ऑपरेशन दोस्त विचारतील. आणि हे आल्यावर आले. मी सुरुवात केली, अक्षय तृतीयेच्या आसपास लावतात, गादीवाफ्यावर, तर गादीवाफ्याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात तेच येईना. हाताने गादी करून दाखवली. मग रोग सांगायला गेलो तर कंदकूज. अडकलो. मॅडम होत्या एक, त्या म्हणाल्या, आराम से, हिंदी में बोलो. मी हिंदीत म्हटलं, मॅडम, हमारे यहाँ आलं होता है. त्या म्हणाल्या, क्या आया? अदरक हा शब्द माझ्या डोक्यातून साफ गेलेला, आत्ता दोन मिनिटांपूर्वी जिंजर म्हटलं होतं ते पण आठवेना. शेवटी टोकाला बसलेले साहेब हसले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, अहो आलं म्हणजे अदरक. मग मलाच म्हणाले, घाबरू नकोस, पुढे सांग.

तिथून गाडी रुळावर आली. मी सांगितलं की पाणी साचलं की गड्डा सडतो, बुरशी येते, गावात सगळे त्याला मूळ कुजली म्हणतात पण ते मूळ नाहीच, खोड आहे, रायझोम, एनसीईआरटीच्या पुस्तकात आहे. पहिल्या साहेबांनी विचारलं, मग वडील काय करतात? म्हटलं चर काढून पाणी बाहेर काढतात, औषधाची आळवणी करतात, म्हणजे बुंध्याशी ओततात, आणि सडलेले गड्डे उपटून बांधाच्या बाहेर फेकतात, शेजारच्याला लागू नये म्हणून. ते म्हणाले, सो युवर फादर प्रॅक्टिसेस आयसोलेशन. सगळे हसले. मी पण.

मग डॉक्टर कशाला. मी जे सांगितलं ते धड इंग्लिश नव्हतं, धड हिंदी नव्हतं. सांगितलं की खरं म्हणजे दोन वर्षं मला हा प्रश्न पडलाच नव्हता, मार्क पडत होते म्हणून करत होतो. कॉल आल्यावर मामांना विचारायला लागलो आणि त्यांनी लेहची ती पंपाची रात्र सांगितली, आणि मला असं वाटलं की हे काम मला करायला आवडेल, रात्रभर कुणाच्या तरी उशाशी. मॅडमनी हापो म्हणजे काय विचारलं, सांगितलं. का होतो विचारलं, सांगितलं की ऑक्सिजन कमी पडला की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, दाब वाढतो, पाणी बाहेर झिरपतं. त्या म्हणाल्या, पण मग वर गेलेल्या सगळ्यांनाच का होत नाही? म्हटलं माहीत नाही मॅडम. त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त काहीतरी लिहिलं. चांगलं लिहिलं की वाईट, आजपर्यंत माहीत नाही.

शेवटी एकानं विचारलं, समजा इथे मिळालं आणि तिकडे घराजवळच्या कॉलेजला पण मिळालं तर? इथे बॉण्ड आहे, म्हणजे शिकून झाल्यावर फौजेत नोकरी करायचीच, शॉर्ट सर्व्हिस घेतली तरी सात वर्षं. मी म्हटलं इथे येईन. हे मी जरा पटकन बोललो. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मनात पप्पांचा चेहरा दिसला, एकटा मुलगा, आणि बहुतेक तो समोरच्यांना पण दिसला असावा. लोक म्हणतात बोर्डाला सगळं कळतं, मला तसं वाटत नाही, पण हे कळलं असेल तर नवल नाही. तयारीत आम्ही हाच प्रश्न सोडला होता. मामांना विचारायचा धीर झाला नसणार, कारण त्यांची चोवीस वर्षं मामींनी गावात एकटीनं काढली होती आणि मामी आत भाकऱ्या थापत असायच्या. तुम्हाला कॉल आला असेल तर पहिल्या दिवशी, आईवडिलांना समोर बसवून, हा प्रश्न आधी निकालात काढा. बाकी हुद्दे-बिद्दे नंतर.

हुद्दा एकही विचारला नाही. ऑपरेशन दोस्त नाही. कानिटकर नाहीत. माझ्या पुढच्या कर्नलच्या पोराला मात्र तेच सगळं विचारलं म्हणे.

बाहेर आलो तर पप्पा टपरीवर सीकरच्या एका वडिलांशी हातवारे करत बोलत बसलेले, त्यांचं बाजरीचं चाललं होतं. काय विचारलं? म्हटलं आल्याचं विचारलं. पप्पा एकदम सावरून बसले. कंदकुजीचं सांगितलंस? सांगितलं. ट्रायकोडर्माचं, त्या कंदकूज रोखणाऱ्या बुरशीचं? ते राहिलं. पप्पांनी कपाळावर हात मारून घेतला, अरे तेच तर मेन आहे! स्वारगेटपासून खंबाटकीपर्यंत ते मला ट्रायकोडर्मा शेणखतात कसं मिसळायचं ते सांगत होते. त्या वर्षी आल्याला गाडीमागं कधी नव्हे तो दर लागला होता, गाडी म्हणजे पाचशे किलो, आमच्याकडे तसाच भाव फुटतो, आणि लातूरची फी त्या आल्यातूनच फिटली होती, तेव्हा त्यांचं बरोबरच होतं.

मेरिट लिस्ट लागली. मी वेटिंगला होतो आणि वेटिंग माझ्या बरंच वर येऊन थांबलं. वाईट वाटलं, दोन दिवस कुणाशी बोललो नाही, तिसऱ्या दिवशी मामांनी बोलावलं, गेलो, ते म्हणाले बैस, आणि बैलाच्या खुराचं ड्रेसिंग करायला मला कापूस धरायला लावला. इंटरव्ह्यूबद्दल एक शब्द नाही. नंतर राज्याच्या राउंडला मिरज लागलं. त्या कर्नलच्या पोराचं झालं, अजून मेसेज असतो त्याचा अधूनमधून.

आता मी थर्ड इयरला, क्लिनिकल पोस्टिंग चालू आहेत. पेशंटची हिस्टरी घ्यायला गेलो की सर नेहमी ओरडतात, आजार विचारतोस, माणूस काय करतो ते विचारत नाहीस. मला ते तरी जमतं. आमच्या वॉर्डात अर्धे पेशंट शेतकरी, ऊस किती, द्राक्षं किती, इथून सुरू केलं की फवारणीचं औषध कधी अंगावर उडालं तेही आपोआप निघतं.

यंदा मामांच्या धाकट्या मुलीला कॉल आलाय. मुलींना तिथे जागा ३०, तिचे मार्क भारी आहेत, माझ्यापेक्षा पुष्कळ वरची रँक. मागच्या रविवारी गावी गेलो तर ओट्यावर खुर्च्या मांडलेल्या, यंदा तीन, तिसरी माझी. मास्तरांना आता कमी ऐकू येतं, पण आले होते. मामांनी तिला रस्त्यावर उभं केलं, आत ये म्हटलं. आली, बसली, पाठ ताठ, हात मांडीवर. मी म्हटलं, टेल अस अबाउट युवरसेल्फ.

"मायसेल्फ..."

मामांनी माझ्याकडे बघितलं. आतून मामी म्हणाल्या, चहा टाकू का आधी?